परातीतलं तळं

साहेब, तुम्ही पोरांच्या हातात परात दिलीत, पण व्हॉल्व्हची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारलं नाहीत. नदी कोण मारतंय हे बाजूला ठेवून चौथीतल्या मुलांना तुम्ही तळहात दाखवायला लावलेत. 'पर्यावरणाची सुरुवात घरापासून' अशा पाट्या गावभर ठोकल्यात. ती सुरुवात पुढं कुठंवर जाते, त्याची पाटी मात्र कुठं दिसली नाही. तुमच्या योजनेनं एका घरात काय केलं ते ऐका. खुर्ची ओढून नीट बसा, कारण यात तुम्हीही आहात. उशिरा येता, नेहमीसारखे, पण येता.

चांदपेठ हे मागांचं गाव. माग आता संगणकावर चालायचे, सूत तुटलं तर यंत्रच सांधायचं. पण कापड रंगवायला पाणी आजाच्या काळी लागायचं तेवढंच लागायचं. आणि रंगवून झालेलं पाणी जायचं तिथंच जायचं. सुकुमार मगदूम हा तिथल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर होता. यंत्रं आकडे दाखवायची, तरी सुकुमार रंगाच्या हौदात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचा, अंगठ्यावर घासायचा आणि सांगायचा, "अजून थोडा सोडा." यंत्र चुकायचं, बोट चुकायचं नाही. त्या बोटाचा त्याला भारी अभिमान होता.

त्याच बोटानं तो मुलीला पाणी शिकवत होता.

मुलीचं नाव सन्मती, घरात सनू. ती चौथीत होती, आणि तुमच्या योजनेत तिला शाळेतून चिमूटभर पाणटिकली मिळाली होती. डबक्यावर तरंगते ना, कपाळाच्या टिकलीएवढ्या हिरव्या पानांची, तीच. घरची परात घ्यायची, तिच्यात स्वच्छ पाणी भरायचं, टिकली सोडायची आणि रोज संध्याकाळी आईबापानं मुलासोबत त्या पाण्यात हात घालायचा. पान फिरवायचं, मेलेलं काढायचं, पाणी ओळखायचं. ज्याची परात हिरवीगार राहील त्यानं ती वर्षाच्या शेवटी नदीत सोडायची. सनूला आपली परात सगळ्यांच्या आधी सोडायची होती. ते ती झोपेतही बोलायची.

संध्याकाळी मागच्या पायरीवर परात यायची, आणि योजनेची आठवण द्यायला फोन आपला आपणच बोलायचा, "चला, पाण्यात हात घालूया!"

"आला बघा सरकारी मामा," सनू म्हणायची.

"मामाला म्हणावं, दम खा. आधी बोट बुडव. आता अंगठ्यावर घास. निसरडं लागलं तर सोडा हाय. खरखर लागली तर क्षार. काय लागतंय?"

"काहीच न्हाई, पप्पा."

"मग पाणी चांगलं. झालीस मास्तर!"

"पगार द्या मग."

चुलीपाशी बसून राजमती, म्हणजे सनूची आई, हसायची. तिचं पाणी शिकवणं वेगळं होतं. मागच्या आडाचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव, जिवाणी म्हणतात त्यांना, पुन्हा आडातच सोडायची. फडकं उलटं धरून, वरून हलक्या हातानं पाणी ओतत. सनूनं एकदा विचारलं होतं, "आई, दिसत न्हाईत तर हाईत कशावरनं?" राजमती म्हणाली होती, "आपल्याला दिसत न्हाईत म्हणून त्यांनी मरायचं काय?"

हे सगळं त्या घरात खरं होतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

आता टिकलीबद्दल. ही साधी टिकली नव्हती. झालं असं होतं, की नदीकाठच्या प्रत्येक कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी पाणी तपासणारं यंत्र बसवलं गेलं, आणि यंत्राला फसवायला माणसाला एक दिवससुद्धा लागला नाही. म्हणून कुणा शास्त्रज्ञांनी विचार केला, की फसणार नाही असा साक्षीदार जिवंतच हवा. त्यांनी पाणटिकलीच्या पेशीत एक कळ बसवली. रंगांच्या कारखान्यातून निघणारी काही विषारी रसायनं पानाला लागली, की पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जनुकाचा छोटा तुकडा कापतं, उलटा फिरवतं आणि परत चिकटवतं. तुकडा उलटला की पान लाल रंग बनवायला लागतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. विजेचं बटण पुन्हा बंद करता येतं. हा तुकडा पुन्हा सरळ होत नाही. टिकलीला बी लागत नाही, पानालाच पान फुटतं, दोन-तीन दिवसांत दुप्पट. लाल झालेल्या पानाच्या लेकीही लाल, नातीही लाल. विष वाहून गेलं, पाणी बदललं, माफी मागितली तरी लालच. आणि त्यासाठी विष बादलीभर लागत नाही. नखाच्या कडेला, बोटाच्या रेषेत अडकून राहतं तेवढं पुरतं.

सुकुमारला दुपारी एक काम असायचं. जेवणाचा भोंगा झाला, म्हणजे तुमच्या तपासणीवाल्यांचीही जेवायची वेळ झाली, की मालक म्हणायचे, "मास्तर, एक चक्कर मारून या." चक्कर म्हणजे कुंपणापलीकडचा व्हॉल्व्ह उघडून येणं. शुद्धीकरणाची टाकी फक्त पाहुणे आले की चालायची. एरवी काळंनिळं पाणी थेट नदीत. किल्ली सुकुमारकडे, कारण मास्तर इमानदार माणूस. नळीच्या तोंडाचं तपासणी यंत्र स्वच्छ पाण्याच्या एका बादलीत लोंबत ठेवलेलं होतं. त्या बादलीतलं पाणी बदलायचं कामही सुकुमारचंच. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते पाणी तो रुमालातून गाळून भरायचा. सवय. घरचं वळण.

मनात यायचं त्याच्या. यायचं आणि जायचं. मी नाही उघडला तर दुसरा कुणी उघडेल, एवढं एक वाक्य त्यानं बरीच वर्षं पुरवून वापरलं होतं.

मग एका संध्याकाळी सनू ओरडली, "पप्पा, लाल!"

परातीच्या एका कडेला, नेमकं जिथं सुकुमार बोट बुडवायचा तिथं, लाल पानांचा पुंजका झाला होता. कुंकू सांडल्यासारखा. सुकुमारनं बघितलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं. एखाद्या माणसाला कळायला वेळ लागतो. त्याला लागला नाही.

"ऊन लागलं असंल," तो म्हणाला.

लाल वाढत गेलं. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या पराती मांडल्या, तेव्हा हिरव्या रांगेत सनूची एकटी निम्मी लाल. पोरं ती पोरंच. "सनू विषारी हाय, लांब बसा रे!" एकानं तिच्या डब्यातली चटणी खाल्ली म्हणून त्याला दुसऱ्यांनी ओकारी काढायला लावली. सनू रडली नाही. हात पाठीमागं धरून उभी राहिली.

वर्गाच्या घोरपडे बाई बऱ्या होत्या. त्यांनी पालकांना बोलावून विचारलं, "घरात कलप, रंग, औषध, काही वापरता? आडाचं पाणी मी तपासलं, ते चांगलं आहे. कुणाच्या तरी हातून येतंय." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नदीच्या खालच्या गावांत तर नदीचंच पाणी भरतात. तिथं एकूण एक परात लाल आली. आम्ही शिक्षकांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, पालकांनी हात स्वच्छ ठेवावेत."

सुकुमारचा उजवा हात खिशात होता. किल्लीही त्याच खिशात होती.

त्या दिवसापासून त्यानं परातीत हात घालणं बंद केलं. फोन बोलला की तो उठायचा. "कामं हाईत मला." सनूला वाटलं पप्पा रागावले. तिनं स्वतःचे हात राखेनं घासायला सुरुवात केली, पार कातडी सोलेपर्यंत. राजमतीनं तिच्या हातांना तूप लावलं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अवो, पोरगीशी दोन शब्द बोला की. तुमचं काय बिघडलंय?"

काय बिघडलं होतं ते सांगायला तो तोंड उघडणार होता. उघडलं, आणि म्हणाला, "मीठ दे."

मुलगी मात्र त्याचीच होती. एका रविवारी तिनं स्टीलच्या तीन वाट्या घेतल्या, तिन्हींत आडाचं पाणी आणि शेजारच्या मैत्रिणीकडून आणलेली हिरवी टिकली घातली. खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या: 'आई', 'मी', 'पप्पा'.

"पाणी एकच, टिकली एकच, बोट निराळं. बाई म्हणतात, एकच गोष्ट बदलायची, मग खरं कळतं. पप्पा, बोट."

"मला उशीर..."

"रविवार हाय, पप्पा."

"घाला की ओ," राजमती म्हणाली. "लेकरू एवढं मन लावून करतंय."

तो न्हाणीत गेला. साबण लावला, लिंबू चोळलं, टाचा घासायच्या वज्रीनं बोट घासलं. रक्त आलं. मग बाहेर येऊन त्यानं ते बोट 'पप्पा' लिहिलेल्या वाटीत बुडवलं. सनू बघत होती. पाण्याकडं नव्हे, बोटाकडं.

काही दिवसांनी पहाटे उठून तो पायरीवर गेला. दोन वाट्या हिरव्या. एक लाल.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. आणि साहेब, हे मी मऊ करून सांगणार नाही: त्या माणसानं ओल्या बोटानं चिठ्ठ्या सोडवल्या आणि 'पप्पा'ची चिठ्ठी बायकोच्या वाटीवर आणि बायकोची आपल्या वाटीवर चिकटवली. सनूची चिठ्ठी त्यानं हलवली नाही. तेवढं आपण बरे, असंही त्याला वाटून गेलं.

सकाळी राजमती लाल वाटीसमोर बसली. स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिली. "माझ्या हाताला काय लागलं असंल ओ?"

"काळी मेंदी," सुकुमार म्हणाला. उत्तर तयार होतं. रंगमास्तर होता तो. काळ्या मेंदीत रंगाच्या कारखान्यातलंच एक रसायन घालतात हे त्याला ठाऊक होतं. "त्या शेजारच्या लग्नात काढलीस न्हवं. त्यात असतंय तसलं."

खोटं इतकं शास्त्रशुद्ध होतं, की राजमतीनं मान हलवली. ते लग्न होऊन महिने लोटले होते, मेंदी कधीच गेली होती, पण तिनं मान हलवली. नवऱ्याला रंगातलं कळतं म्हणून.

त्या दिवसापासून ती पाण्याला शिवेना. घागर उचलेना. "पोरगीच्या पोटात जायचं पाणी हाय. तुम्ही गाळा."

आणि सुकुमार पाणी गाळायला बसला, त्याच हातांनी. गाळून झाल्यावर जिवाणीचं फडकं घेऊन तो आडापाशी गेला. खाली पाणी शांत होतं, त्यात त्याचंच डोकं दिसत होतं. फडकं उलटं धरायला त्यानं हात पुढं केला आणि हाताकडं बघितलं. बोटांवरून पाणी थेंबथेंब गळत होतं. आडात पडलं तर? आडही लाल झाला तर? तो मागं सरला. फडकं त्यानं बांधावर झटकलं, उन्हात. दिसत नाहीत ते सगळे तिथंच वाळले.

"पप्पा, जिवाणी सोडली?" सनूनं विचारलं.

"सोडली."

बांधावरच्या ओल्या डागाकडं तिनं एकदा बघितलं आणि आत गेली.

त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं. त्या आठवड्यात एक दिवस उन्हं अजून भिंतीवर असताना ताटं मांडली. राजमती स्वतःचं ताट लांब घेऊन बसली होती. ते आताशा रोजचंच झालं होतं. सनूनं उठून तिन्ही वाट्या आणल्या आणि लाल वाटी बापाच्या ताटाला लावून ठेवली.

"पप्पा, काठावर काय लिहिलंय वाचा."

चिठ्ठीवर 'आई' होतं. पण सनूचं बोट चिठ्ठीवर नव्हतं. आपल्याकडं लग्नात भांडं दिलं की देणाऱ्याचं नाव त्यावर कोरून देतात. ते घासून जात नाही, धुऊन जात नाही, माणूस गेला तरी जात नाही. वाटीच्या काठावर बारीक टिंबांनी कोरलं होतं, 'पद्मावती आत्याकडून'.

"मी तुमाला आत्याची वाटी दिलती," सनू म्हणाली. "आईला मामाची. माझी दुकानातली, बिननावाची. चिठ्ठी फिरली, पप्पा. वाटी कशी फिरंल?"

सुकुमारनं हातातला घास ताटात ठेवला.

"कवा कळलं तुला?"

"त्याच दिवशी सकाळी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगशीला म्हणून थांबले."

राजमतीनं आधी वाटीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ती ओरडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. त्यानं खांदे आवळून घेतले. ती उठली. मागं गेली. आडाचं पाणी ओढल्याचा, घागर भरल्याचा आवाज आला. किती तरी दिवसांनी तिनं स्वतःच्या हातानं पाणी गाळलं, जिवाणी सोडली. मुलीला तांब्या हातात दिला. नवऱ्याचा तांब्या हातात न देता त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"मेंदी म्हणालात," ती एवढंच बोलली.

मग त्यानं सांगितलं. भोंगा, चक्कर, व्हॉल्व्ह, बादली. बादलीतलं पाणी गाळून भरतो, हेही सांगितलं. राजमतीनं डोळे मिटले. व्हॉल्व्ह तिनं ऐकून घेतला होता. गाळणं तिला ऐकवेना.

"आता?" सनूनं विचारलं. "पप्पा, आता काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. मालक म्हणाले, "मास्तर, चक्कर राहिली." मास्तर त्या वेळी कारखान्यात नव्हते. किल्ली खिशात घालून ते तुमच्या प्रदूषण खात्याच्या कार्यालयाच्या बाकावर बसले होते. एका बाजूला सनू, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. पलीकडं राजमती, दोघांच्यात एका माणसाची जागा सोडून.

इथं तुम्ही आलात, साहेब. तिन्हीसांज होत आली तेव्हा बोलावलंत.

सुकुमारनं किल्ली टेबलावर ठेवली. "ही व्हॉल्व्हची. मी उघडत होतो. लिहून घ्या."

तुम्ही किल्लीला हात लावला नाहीत. "म्हणजे गुन्हा तुम्ही केलात. मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध लिवा. आणि माझ्यापाशी थांबू नका."

"कारखान्याच्या यंत्राचे आकडे माझ्यासमोर आहेत. उत्तम आहेत."

"यंत्र बादलीत हाय, साहेब. पाणी मी भरतो."

तुम्ही हसलात. "मगदूम, कशाला संसाराची माती करता? मुलीची परात बाद झाली म्हणून रागात आलात. पुढच्या वर्षी पुन्हा देऊ तिला टिकली."

"खालच्या गावांच्या पराती?" राजमतीनं विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली. "त्या बी सगळ्या बाद? तिथली पोरं काय रंगमास्तराची हाईत?"

"घरगुती प्रदूषण," तुम्ही म्हणालात. "पालकांचे हात. अहवाल आला आहे."

तेवढ्यात कार्यालयातले सगळे फोन एकदम बोलले. कारकुनाचा, शिपायाचा, तुमचा. "चला, पाण्यात हात घालूया!" कारकून फोन दाबायला धडपडला. तुमचा फोन बोलतच राहिला.

सनूनं फडकं सोडलं. आत वाटी होती. आडाचं गाळलेलं पाणी, वर हिरवी टिकली, नखाएवढंही लाल नाही. वाटी कोरी होती, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तिनं ती किल्लीच्या शेजारी ठेवून तुमच्याकडं सरकवली.

"पाणी एकच, टिकली एकच," ती म्हणाली. "आईचं झालं. माझं झालं. पप्पांचं झालं. आता तुमचं बोट, काका."

तुमचा उजवा हात टेबलावर होता. तुम्ही तो खाली घेतलात. दाराशी जमलेल्या आम्ही सगळ्यांनी बघितलं.

सुकुमारची नोकरी त्याच आठवड्यात गेली. राजमती अजून तांब्या जमिनीवरच ठेवते. तो वाकून उचलतो. व्हॉल्व्हला नवं कुलूप लागलंय, आणि भोंग्यानंतर चक्कर दुसरं कुणीतरी मारतं. सनू रोज शाळा सुटली की तुमच्या दाराशी येऊन विचारते, वाटीचं काय झालं. शिपाई सांगतो, साहेब बैठकीत आहेत.

साहेब, लाज ज्यांना वाटायची होती त्यांना वाटून झाली. एका घरातली तीन माणसं ती रोज गिळतात. वाटी तुमच्या टेबलावर आहे, पाणी आटत चाललंय. बोट घालताय की नाही? पोरगी दारात उभी आहे. तिला उत्तर द्या.